तरवड आणि ‘वेस्ट’

बेंगळुरूभोवतीच्या कोरड्या माळांवर पिवळाधमक फुलतो तो तरवड, कन्नडात तंगडी. भुंगे त्याचा पराग नेतात, शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतली कातडी याच्या सालीत कमावून मद्रासहून विलायतेला जात. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली आणि तरवडाचा भाव गेला. पण व्यापार जोरात असतानाही न नांगरलेला माळ इंग्रजी महसूल दप्तरात ‘वेस्ट’च होता. मीही कितीदा त्याचा निमूट ‘पडीक’ असा अनुवाद केला! खरं तर विदर्भाच्या दप्तरात ‘झुडपी जंगल’ हा सरळ शब्द आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनच मानल्या. केंद्र सरकारच्या २०१९च्या नकाशासंग्रहात मात्र झुडपांची जमीन पडीक म्हणूनच मोजली आहे.