पडद्यावरची कोलोरॅडो

आज कोलोरॅडो नदी, पण तिच्यावर निघालेल्या फिल्म्सच्या वाटेने. रॉकी पर्वतात उगम, वाळवंटातून सुमारे 2,330 किलोमीटरचा प्रवास, वाटेत ग्रँड कॅन्यन. अमेरिकेची सात राज्यं आणि मेक्सिको मिळून जवळपास 4 कोटी लोक तिच्या पाण्यावर अवलंबून आहेत, आणि बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोचतच नाही. तिच्यावर माहितीपट भरपूर आहेत. मला त्यातून एक प्रश्न सोडवायचाय: फिल्म दाखवून नदी वाचते का?

सुरुवात कोल्ब बंधूंपासून. एलस्वर्थ आणि एमरी. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. खेचरांवर बसून दरीत उतरणाऱ्या पर्यटकांचे फोटो काढायचे. पण कड्यावर स्वच्छ पाणी नाही, मग फोटो धुवायला जवळजवळ 900 मीटर खाली झऱ्यापर्यंत पळत जायचं आणि पर्यटक परतायच्या आत वर हजर! या माणसांनी सप्टेंबर 1911 मध्ये वायोमिंगमधून दोन होड्या आणि एक मूव्ही कॅमेरा घेऊन नदीत उडी घेतली. जानेवारी 1912 मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या नीडल्सला पोचले. ती फिल्म स्टुडिओत 1915 पासून दाखवली जाऊ लागली, ती 1976 मध्ये एमरी 95 व्या वर्षी वारेपर्यंत. मूकपट, आणि एमरी स्वतः शेजारी उभं राहून गोष्ट सांगायचा. साठ वर्षं एकच सिनेमा! त्यातली नदी गढूळ, लाल, मोकाट आहे. मोठं धरण एकही नाही.

दरम्यान 1922 मध्ये नदीचं पाणी कागदावर वाटून झालं. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट, आपल्या भाषेत सुमारे 327 टीएमसी. घोळ असा की हिशोबाला धरलेली वर्षं नेमकी जास्त पावसाची होती. म्हणजे नदीत जेवढं पाणी नाही तेवढं वाटून टाकलं. मेक्सिकोचा वाटा 1944 मध्ये ठरला, तो वेगळाच.

आता मुख्य गोष्ट. 1950 च्या दशकात सरकारच्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनला वरच्या खोऱ्यात धरणांची माळ बांधायची होती. त्यातलं एक इको पार्कला, ग्रीन आणि यॅम्पा या उपनद्यांच्या संगमावर, डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटच्या आत. सिएरा क्लबचे डेव्हिड ब्राउअर विरोधात उतरले. क्लबने चार्ल्स एगर्टच्या कॅमेऱ्यातून ‘वाइल्डरनेस रिव्हर ट्रेल’ ही फिल्म केली आणि ती ठिकठिकाणी दाखवली. इको पार्क हे नावही न ऐकलेल्या लोकांना त्या दरीत होडीतून फिरवून आणलं, असंच म्हणा ना.

पण फक्त फिल्मने काम झालं नाही, बरं का. जानेवारी 1954 मध्ये ब्राउअर संसदेच्या समितीसमोर गेले आणि ब्युरोच्या बाष्पीभवनाच्या आकड्यांमधल्या चुका दाखवल्या. शाळेतली बेरीज-वजाबाकी! इंजिनियर मंडळी चिडली, पण चुका खऱ्या होत्या. 1956 चा कायदा झाला तेव्हा इको पार्कचं धरण त्यात नव्हतं.

त्यात ग्लेन कॅन्यनचं धरण मात्र होतं. आणि इथे पोटात गोळा येतो, कारण इको पार्कऐवजी ग्लेन कॅन्यनचं धरण उंच करा, हा पर्याय ब्राउअर यांनीच मांडला होता. त्यांनी ती दरी तोवर पाहिलीच नव्हती. पाहिली तेव्हा उशीर झाला होता. 1963 मध्ये पाणी अडलं आणि लेक पॉवेल भरू लागलं. आपल्या दहा-अकरा कोयना मावतील एवढा जलाशय. त्याच वर्षी क्लबने एलियट पोर्टरच्या छायाचित्रांचं पुस्तक काढलं, ‘द प्लेस नो वन न्यू’. कुणालाच माहीत नसलेली जागा. मला हे नाव खटकतं. नवाहो आणि पायूट लोकांना ती जागा चांगलीच माहीत होती, प्राचीन वस्त्यांचे शेकडो अवशेष तिथे होते. चित्रं नव्हती असंही नाही. कोल्ब बंधू तिथूनच गेले होते. ती चित्रं घेऊन वेळेवर भांडायला कुणी उभं राहिलं नाही, इतकंच.

पुढचे बरेच माहितीपट मला याच दुःखाभोवती फिरताना दिसतात. 2014 च्या ‘डॅमनेशन’मध्ये गायिका केटी ली भेटते. बुडण्याआधीच्या ग्लेन कॅन्यनमध्ये ती वर्षानुवर्षं फिरलेली, आणि नव्वदी ओलांडल्यावरही तिचा राग ताजा आहे. तेवढ्यासाठी तरी ती फिल्म बघाच. पीट मॅकब्राइडची ‘चेसिंग वॉटर’ वेगळी. हा कोलोरॅडोतल्या गुरांच्या रँचवर वाढलेला मुलगा. घरच्या पाटाचं पाणी पुढे कुठे जातं, हे बघायला तो निघतो आणि शेवटी मेक्सिकोत कोरड्या पात्रातून पायी चालतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. लाल कडे, फेसाळतं पाणी, ड्रोनमधून दिसणारी वळणं, हे सगळं ठीक. पण नदीचं बहुतांश पाणी शेतीला जातं, त्यातही लसूणघासासारख्या चाऱ्याला मोठा वाटा. एकट्या इम्पीरियल व्हॅलीचा वार्षिक हक्क 31 लाख एकर-फूट, म्हणजे 135 टीएमसी. आख्ख्या कोयनेपेक्षा जास्त! पीबीएसच्या 1997 च्या ‘कॅडिलॅक डेझर्ट’ मालिकेने पाण्याच्या या राजकारणात हात घातला होता. तिचा दुसरा भाग खास कोलोरॅडोवर आहे, माझ्या मते अजूनही सगळ्यात कामाचा.

2014 मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोने मिळून एक प्रयोग केला. 23 मार्चला सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्यातून पाणी सोडलं, आठ आठवड्यांत सुमारे साडेचार टीएमसी. सॅन लुईस रिओ कोलोरॅडो या गावात लोक पात्रात नाचायला उतरले. गावाच्या नावात नदी आणि पोरांनी ती वाहताना पाहिलेलीच नाही! मे महिन्यात ते पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन मिळालं. मॅकब्राइडने त्या वाहत्या पाण्यावरून केलेल्या प्रवासाचीही एक छोटी फिल्म आहे, ‘डेल्टा डॉन’. ‘चेसिंग वॉटर’च्या पाठोपाठ बघा.

इकडे 2023 च्या सुरुवातीला लेक पॉवेल पाव हिश्शाच्याही खाली गेलं होतं, आणि बुडालेल्या ग्लेन कॅन्यनचे कोपरे उघडे पडले होते. लोक कॅमेरे घेऊन तिकडे धावले. पाणीवाटपाचे 2007 चे नियम 2026 मध्ये संपतात, त्यामुळे राज्यांची भांडणं चालू आहेत. त्या वाटाघाटींवर कुणी माहितीपट करत असेल, तर त्याने कड्यांवरून जरा खाली उतरून लसूणघासाच्या शेतात एक दिवस काढावा, एवढीच माझी फर्माईश. भेटू पुढच्या भागात.