शून्य आधी बघ

परवा पुतण्याचा फोन आला. घरी थ्रीडी प्रिंटर आणलाय त्याने, आणि आता प्रत्येक गोष्ट मोजायची आहे. "काका, डिजिटल कॅलिपर घ्यायचाय. एक आठशेला मिळतोय, एक सात हजाराला. दोन्हींवर आकडे तेच दिसतात. मग सात हजार कशाचे?"

प्रश्न चांगला होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर "कुठलाही घे, पण शून्य आधी बघ." त्याला काही कळलं नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, हे एवढंसं वाक्य आपल्याला ज्याच्याकडून मिळालं त्याची गोष्ट सांगायला हवी. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ती गोष्ट समजायची नाही.

सरकत्या जबड्यांत वस्तू धरून मोजायची कल्पना फार जुनी आहे. चीनमध्ये वांग मांग राजाच्या काळातला, इ.स. ९ सालचा लेख कोरलेला काशाचा कॅलिपर सापडला आहे. आकार बघाल तर लगेच ओळखाल. एक जबडा पक्का, एक सरकणारा, आणि पट्टीवर खुणा. म्हणजे जबड्यांचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच सुटला होता. अडलं होतं ते दोन खुणांच्या मधल्या जागेचं. खूण इथे नाही आणि तिथेही नाही, मग किती?

गंमत म्हणजे याचं उत्तर कुठल्या कारखान्यात सापडलं नाही. ते शोधलं आकाशाकडे आणि समुद्राकडे बघणाऱ्यांनी. पोर्तुगालच्या पेद्रु नुनेश या गणितज्ञाने १५४२ मध्ये एक युक्ती मांडली. चतुर्थांश वर्तुळावर एकाच्या आत एक अशी ४४ जादा वर्तुळखंडं आखायची, आणि प्रत्येकाचे भाग आधीच्यापेक्षा एकाने कमी करायचे, ९० मग ८९ मग ८८ असे. ताऱ्याची उंची मोजताना दोरी कुठल्या ना कुठल्या खंडावरच्या खुणेला बरोबर लागेल, त्यावरून हिशेब करायचा. कल्पना सुंदर, पण आखणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा जीव जाणार! टीको ब्राहेसारख्या चिकाटीच्या माणसानेही ती करून पाहिली आणि सोडून दिली.

या नुनेशचा आपल्याकडेही एक धागा पोचतो. त्याच्याकडून शिकलेला ज्युआंव द कास्त्रु १५३८ मध्ये जहाजाने गोव्याला आला, तो वाटेत गुरूने सांगितलेल्या उपकरणाने होकायंत्राची चूक मोजत मोजत. आपल्या किनाऱ्यावरही त्याने ही मोजमापं चालू ठेवली. पुढे तो इथला गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. आपल्या यंत्रावर आंधळा विश्वास न ठेवता त्याचीच चूक मोजणारा माणूस... हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नुनेशची ४४ वर्तुळखंडं एका छोट्या सरकत्या पट्टीत बसवली पिएर व्हर्निए या माणसाने. हा फ्रांश-कोंते प्रांतातल्या ओर्नांचा, आणि तेव्हा तो भाग स्पेनच्या राजाकडे होता. १६३१ मध्ये ब्रुसेल्सला त्याने पुस्तक छापलं. शाळेत आपण प्रयोगवहीत त्याच्या नावाच्या आकृत्या काढल्या, लघुतम माप पाठ केलं, मार्क घेतले आणि विसरलो. पण एकदा नीट बघा. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर घ्यायचे आणि सरकत्या पट्टीवर त्यांचे ५० भाग करायचे. प्रत्येक भाग झाला ०.९८ मिमी. म्हणजे वरच्या आणि खालच्या खुणेत फक्त ०.०२ चा फरक. हा फरक डोळ्याला दिसत नाही. पण दोन रेषा एका ओळीत आल्या की नाही, हे मात्र माणसाचा डोळा अचूक सांगतो. व्हर्निएने डोळ्याला जे जमत नाही ते मागितलंच नाही, जे जमतं तेवढंच काम दिलं. जर्मन लोक या पट्टीला आजही नुनेशच्या नावावरून 'नोनियस' म्हणतात. श्रेयाचं असंच असतं.

पण ही युक्ती दोनशे वर्षं खगोलवाल्यांच्या आणि उपकरणं बनवणाऱ्यांच्याच हातात जास्त राहिली. साध्या कामगाराच्या परवडणाऱ्या किमतीत ती आणली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या जोसेफ ब्राउन या घड्याळं बनवणाऱ्याने. १८५१ मध्ये त्याने इंचाचा हजारावा भाग वाचणारा व्हर्नियर कॅलिपर विकायला काढला. पुढे ही कंपनी ब्राउन अँड शार्प म्हणून प्रसिद्ध झाली. मला या इतिहासातलं हे साल सगळ्यात मोठं वाटतं. तोपर्यंत टर्नर आपल्या दुमडत्या कॅलिपरने नमुन्याचा 'हात' घ्यायचा आणि त्या हाताने जॉब करायचा. माप त्याच्या बोटांत असायचं. आता ते आकड्यात आलं. आणि आकडा काय, तो साहेबालाही वाचता येतो.

तर आता नाना.

मी डिप्लोमा करून नुकताच भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात लागलो होतो. १९८७ साल. कारखान्याचं नाव नको. काम इन्स्पेक्शनचं. नाना तिथले जुने टर्नर, आयटीआय वगैरे काही नाही, लेथवरच मोठे झालेले. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण नाना बोलायचे सुतात आणि थाउत. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, आणि थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपले जेमतेम अडीच शतांश मिलिमीटर. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असलं की ते मनातल्या मनात उलटं करून घेत आणि कधी चुकत नसत.

साठ बुशांची ऑर्डर होती. बाहेरचा व्यास ३१.९५ ते ३२.०० च्या आत हवा. मी पहिले दोन-चार मोजले, ३२.०४. म्हटलं, "नाना, ओव्हर जातंय." त्यांनी जॉब हातात घेतला, आपला जुना कॅलिपर लावून बघितला आणि म्हणाले, "हाताला तर बरोबर लागतंय." मी नवा, हातात व्हर्नियर. म्हटलं, "नाना, हाताचं काय घेऊन बसलात? हा आकडा बघा ना." नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक कट घेतला. साठही बुश मी पास केले. ३१.९८, एकदम फक्कड.

चार दिवसांनी सगळा माल परत आला. खरा व्यास होता ३१.९२. साठही बुश भंगारात.

त्या संध्याकाळी मी व्हर्नियरचे जबडे मिटवून उजेडात धरला. शून्यावर शून्य नव्हतं, तिसरी रेघ जुळत होती. म्हणजे ०.०६. आदल्या आठवड्यात माझ्याच हातून तो टेबलावरून पडला होता. छोटी पट्टी धरणारे बारीक स्क्रू ढिले होऊन ती सरकली होती. मिटलेले जबडे एकदा बघायला मला पाच सेकंद लागले असते.

पैसे कापले गेले नानांच्या पगारातून. माल कमी मापाचा निघाला म्हणजे टर्नरची चूक, असा सरळ हिशेब. मी नानांना जाऊन सांगितलं आणि म्हटलं, मालकांकडे जातो. नाना म्हणाले, "तू कच्चा आहेस अजून, तुला काढून टाकतील. माझे पैसे दिवाळीपर्यंत फिटतील. फक्त यापुढे शून्य आधी बघत जा." आणि मी गेलो नाही मालकांकडे. हे लिहितानाही बरं वाटत नाहीये. पण गेलो नाही, हे खरं.

असो. इतिहास पुढे नेतो.

सगळ्या कॅलिपरांनी जुळवून घ्यावं असं काहीतरी पक्कं हवं, हा प्रश्न सोडवला स्वीडनच्या कार्ल योहान्सनने. रायफलच्या कारखान्यातला हा माणूस. १८९६ मध्ये जर्मनीतला माउझर कारखाना बघून परत येताना आगगाडीत त्याला सुचलं की थोडक्या पोलादी ठोकळ्यांची नीट निवड केली, तर ते एकमेकांना चिकटवून हजारो मापं बनवता येतील. घरी बायकोच्या शिवणयंत्राला चाक बसवून त्याने ते ठोकळे घासले. आपण ज्यांना स्लिप गेज म्हणतो ते हेच. अमेरिकेचा आणि ब्रिटनचा इंच तेव्हा किंचित वेगळा होता. योहान्सनने सरळ २५.४ मिमी धरला, आणि १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी तोच मान्य केला. डिजिटल कॅलिपरवर इंच-मिमीचं बटण दाबता ना, त्यामागे हा सगळा पसारा आहे.

डिजिटल कॅलिपरचाही एक महत्त्वाचा टप्पा स्वीडनचाच. अँडेर्मो या अभियंत्याला १९८३ मध्ये त्यासाठी अमेरिकी पेटंट मिळालं. दांडीवरच्या स्टिकरखाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची रांग असते. सरकत्या भागात तशाच पट्ट्या असतात. दोन्हींमधली विद्युतधारिता सरकण्याबरोबर बदलते आणि चिप ती मोजते. आत दात नाहीत, चाक नाही. म्हणूनच हे यंत्र इतकं स्वस्त होऊ शकलं.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. आठशे आणि सात हजारात फरक काय?

दोन्ही पडद्यांवर ०.०१ दिसतं. पण दिसणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. चांगल्या कॅलिपरवरही साधारण ०.०२ ची चूक धरूनच चालायचं असतं. शेवटचा आकडा म्हणजे पाहुणा, त्याच्या भरवशावर घर चालवू नये. जास्तीचे पैसे जातात ते जबडे घासण्यात, सरकता भाग न डुगडुगण्यात आणि बॅटरीत. स्वस्त कॅलिपर पडदा बंद केला तरी आतून मोजतच राहतो, त्यामुळे महिना दोन महिने ड्रॉवरमध्ये ठेवला की सेल संपलेला. त्यात साधा एलआर४४ घालण्याऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ घालावा, जास्त टिकतो. मधेच आकडे उड्या मारायला लागले तर दांडीवर तेल-पाणी गेलंय का बघावं, नाहीतर सेल बदलावा.

घेताना जबडे मिटवून उजेडात धरा. मधून प्रकाशाची फट दिसली तर परत द्या. अंगठ्याने जरा जास्त दाबा, आकडा किती पळतो ते बघा. मग एखादं नवं चांगलं बेअरिंग मोजा. ६०८ नंबरचं, स्केटच्या चाकातलं, बाहेरून २२ मिमी असतं, आणि त्याची चूक एक शतांशाच्याही आत. गरिबाचं स्लिप गेजच ते. तेच माप दहा वेळा घ्या. दहाही वेळा दोन शतांशाच्या आत आलं, तर आठशेचा कॅलिपर तुमच्या प्रिंटरला भरपूर झाला. बेअरिंग बसवायची जागा टर्न करायची असेल, तर मात्र कॅलिपर कितीही महाग असो, मायक्रोमीटरच घ्या. आणि लेथवरून काढलेला गरम जॉब लगेच मोजू नका, तो फुगलेला असतो.

एक धोका मात्र नवा आहे. जुन्या व्हर्नियरवर शून्य सरकलेलं दिसायचं, बघणारा हवा एवढंच. डिजिटलवर शून्याचं बटण आहे. जबड्यात कीस अडकलेला असला तरी ते दाबलं की पडदा निमूटपणे ०.०० दाखवतो. म्हणून आधी जबडे पुसायचे आणि मगच बटण दाबायचं.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे पैसे दिवाळीपर्यंत फिटले का, हे मी कधी विचारलं नाही.

काल पुतण्याने फोटो पाठवला. आठशेवालाच घेतलाय. जबडे मिटलेले, मागे खिडकीचा उजेड, आणि खाली लिहिलंय, "काका, फट नाही."