शेणातला डीएनए नेमकं काय सांगतो? जोन्स रोगाच्या तपासणीची गोष्ट

गाय चारा खाते, ताप नाही, तरी पातळ शेण थांबत नाही आणि हळूहळू बरगड्या मोजता येतात. हा जोन्स रोग. मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्युबरक्युलोसिस हा जिवाणू आतड्याचं अस्तर जाड करतो, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लागण होते वासरूपणी, ढाळ लागतात दोन ते पाच वर्षांनी. मधल्या काळात गाय ठणठणीत दिसते, पण तिच्या शेणातून जंतू बाहेर पडत असू शकतात. या रोगाच्या तपासणीचा सगळा इतिहास म्हणजे ही मधली वर्षं पकडायची धडपड.

भारतात पशुरोगांवरची पहिली प्रयोगशाळा आपल्या पुण्यात निघाली: 1889 मध्ये, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. 1893 मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. आजची आयव्हीआरआय तिचीच वारस. तेव्हा जोन्स रोगाला नावही नव्हतं.

1895 मध्ये ड्रेस्डेनला योने आणि फ्रॉदिंगहॅम यांना एका गाईच्या आतड्यात क्षयासारखे जंतू दिसले. त्यांना वाटलं, हा पक्ष्यांचा क्षय असावा. हा वेगळाच रोग आहे हे 1906 मध्ये डेन्मार्कच्या बांग यांनी दाखवलं. पण जंतू प्रयोगशाळेत वाढेना. ट्वॉर्ट यांनी 1910 च्या सुमारास त्याच्या माध्यमात दुसरे मृत मायकोबॅक्टेरिया मिसळले, तेव्हा कुठे तो वाढला. त्या मृत जंतूंमधून त्याला मायकोबॅक्टिन मिळत होतं, जे त्याला स्वतःला बनवता येत नाही, हे नंतर कळलं. वाढ मात्र इतकी सावकाश की कल्चरचा निकाल यायला आजही दोन-चार महिने जातात. तोवर गाय विकलीही गेलेली असते.

1989 मध्ये चित्र बदललं. या जिवाणूच्या जीनोममध्ये आयएस900 नावाचा तुकडा सापडला. त्याच्या पंधरा-वीस प्रती असतात, म्हणून पीसीआरला तो चटकन सापडतो. महिन्यांचं काम दिवसांवर आलं.

इथेच नवा विद्यार्थी फसतो. शेणात पित्तक्षार आणि वैरणीचे घटक असतात, ते पीसीआर अडवतात. जिवाणूची भिंत जाड, डीएनए सहज निघत नाही. म्हणून ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘रोग नाही’ असं नाही. उलट बाजूनं, आयएस900 सारखेच तुकडे दुसऱ्या काही मायकोबॅक्टेरियांतही आढळलेत, त्यामुळे एफ57 सारखं दुसरं लक्ष्य जोडावं लागतं. शिवाय दूषित वैरण खाल्लेल्या निरोगी गाईच्या शेणातूनही तो डीएनए नुसता आरपार जाऊ शकतो.

हे बारकावे गोठ्यात महाग पडतात. समजा, मांजरीतल्या एका गोठ्यात आठ गाई आहेत आणि एक पॉझिटिव्ह आली. परदेशात अशी गाय कत्तलीला जाते. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग मालक काय करणार? बहुतेक वेळा विकणार, आणि रोग पुढच्या दावणीला जाणार. निकाल चुकीचा असेल तर चांगली गाय कवडीमोलानं गेली.

म्हणून प्रायमर मागवण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा: मला जंतू शोधायचाय, लागण शोधायचीय, की जंतू पसरवणारी गाय? तिन्हींसाठी नमुने वेगळे, पुन्हा तपासणीचं वेळापत्रक वेगळं. मालकालाही तेवढंच सांगा जेवढं चाचणी सांगते. एक गोष्ट मात्र निकालाची वाट न बघता सांगता येते: वासरू मोठ्या जनावरांच्या शेणापासून लांब ठेवा, आणि चीक पाजायचा तो निरोगी गाईचा, कास स्वच्छ धुऊन.