खर्डा, बुधवार, 11 मार्च 1795

खर्ड्याच्या किल्ल्यात तटाची सावली सापडेल तिथं बसा आणि ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास उघडा. 1826 साली छापलेल्या या ग्रंथात खर्ड्याची लढाई मोजक्या पानांची आहे. आज मात्र घाई करू नका. सकाळचं सकाळी वाचा, रात्रीचं रात्री.

सकाळ झाली. तारीख 11 मार्च 1795, वार बुधवार. होळी होऊन पाच-सहा दिवस झालेत. रानात पळस फुललाय. तुम्ही मराठी फौजेतल्या एका पागेचे मोतद्दार आहात; खांद्यावर तोबरा, हातात लगाम. निजामअली खानाची फौज काल मोहरीचा घाट उतरली आणि आज परांड्याच्या वाटेला लागली आहे. डफच्या हिशेबानं ती 1 लाख 10 हजारांची, तुमची 1 लाख 30 हजारांहून अधिक. हे आकडे वाचून लगेच पान उलटू नका. मोतद्दाराच्या नजरेनं मोजा. उन्हात राबणारा एक घोडा दिवसाला सहज तीस-चाळीस लिटर पाणी पितो. बैल, उंट, हत्ती वेगळेच. आणि मुलूख जामखेडचा, बालाघाटाच्या उताराचा. इथं पाऊसच बेताचा. फाल्गुनात ओढ्याला पाणी राहिलं तर राहिलं.

दुपार. परशुरामभाऊ पटवर्धन टेहळणीला पुढे जातात आणि निजामाकडच्या पठाणांच्या हल्ल्यात जखमी होतात. मग रघूजी भोसल्यांच्या फौजेतून बाण सुटतात. शेपटीला आग लागलेले, सूं करत वेडेवाकडे घुसणारे. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या तोफा धडाडतात. समोरची घोडदळं उधळतात. निजामाच्या चाकरीतल्या रेमंड या फ्रेंच सरदाराची पायदळं मात्र जागची हललेली नाहीत. घोड्याच्या तोंडाला फेस आलाय आणि तुमच्या पखालीत थेंब नाही.

आता रात्रीचं पान. वद्य पक्षातला चंद्र उशिरा वर येतो. तुमच्यातली एक छोटी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्याकडे निघते. पाणी दिसायच्या आधी वास लागतो. घोडं मान लांब करून ओढ घेतं, लगाम तळहाताला काचतो. तेवढ्यात पलीकडून गोळी. त्याच ओढ्यावर मोगली, म्हणजे निजामाचे, शिपाई पडलेले आहेत. त्यांच्या गोळीनं रेमंडचे पहारेकरी दचकतात, मग रांगच्या रांग अंधारात बार काढू लागते. डफ सांगतो, की या गोंधळानं निजामाचा धीर सुटला आणि निंबाळकरांनी बांधलेल्या या खर्ड्याच्या किल्ल्यात त्यानं आसरा घेतला. बुधवारच्या दिवसभरात दोन्हीकडची माणसं फारशी मेली नव्हती. फौजेचा कणा मोडला तो रात्री, पाण्याच्या काठी.

पुढचं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. किल्ल्याला वेढा, तोफांचा मारा, तह. दौलताबाद, परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि निजामाचा दिवाण मशीरुल्मुल्क ओलीस. पण त्याच भागात डफनं एक गोष्ट नोंदवली आहे, तिथं थांबा. विजयानंतर पेशवे सवाई माधवराव खिन्न दिसले. कारभारी नाना फडणीसांनी कारण विचारलं. दोन्ही बाजू किती खालावल्या याचं दुःख होतंय, अशा आशयाचं उत्तर आलं. एकानं अशी लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आपल्या शिपायांनी कष्टावाचून मिळालेल्या जयाची फुशारकी मारावी. बोलणाऱ्याला अजून एकविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं.

डफ कंपनीचा अधिकारी होता. जिंकलेल्या राज्याची आतून झालेली पडझड दाखवणारं वाक्य त्याला सोयीचं होतं, ही शंका जरूर घ्या. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून छापलेला ऐतिहासिक लेखसंग्रह शेजारी ठेवा आणि ताडून पाहा. तरी पुढच्या वर्षांचा क्रम ते उत्तर खोडून काढू देत नाही. 27 ऑक्टोबर 1795 ला सवाई माधवराव गेले. पुढच्याच वर्षी, गादीच्या भांडणात, निजामाकडून मिळालेलं बरंचसं नानांनी त्याला परत देऊ केलं. 1798 मध्ये निजामानं इंग्रजांची तैनाती फौज घेतली, 1802 च्या अखेरीस वसईला दुसऱ्या बाजीरावानंही घेतली. खर्ड्याला समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही दौलती आठ वर्षांत एकाच दावणीला बांधल्या गेल्या.

शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका निशाणाखाली आले होते, याचा अभिमान मला आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच खर्ड्यावर येणाऱ्या पोरांना तीन कोटींच्या जोडीला त्या ओढ्याची रात्रही सांगा, आणि जिंकूनही कष्टावाचून मिळालेल्या जयानं खिन्न झालेला वीस वर्षांचा पेशवाही दाखवा. त्याचं दुःख त्या वेळी जाणत्यांनी मनावर घेतलं असतं, तर खर्डा हा मराठ्यांनी एकत्र येऊन मिळवलेला शेवटचा मोठा विजय ठरला नसता.