वैमानिकाच्या वहीतले तास

माधवनगरहून तासगावच्या रस्त्याने निघाले आणि बुधगाव मागे टाकले, की कवलापूरचा माळ लागतो. विमानतळाची जागा म्हणून हा माळ साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. प्रवासी विमान काही तिथे उतरत नाही. पण जागा आहे म्हटल्यावर माणसांची नजर आभाळाकडे जायचीच. याच भागातल्या एका द्राक्षबागायतदाराने परवा मला गाठले. म्हणाला, "मास्तर, पोराला विमान चालवायला शिकवलं. एकरभर बाग गेली त्यात. दोनशे तास भरले, सरकारी परवाना मिळाला. आता कंपनीवाले म्हणत्यात, अनुभव काय? मग ते दोनशे तास म्हंजे काय, पाणी पाजलं का आम्ही?"

श्रोतेहो, मी विमान चालवलेले नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासातच सापडते. वैमानिकाने किती तास उड्डाण केले, एवढेच या धंद्यात कधी विचारले गेले नाही. कसले तास, हे आधी विचारले गेले. आणि कसल्या तासाला भाव, हे मात्र दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत आले.

जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून. तो काळ हौशी उड्डाणाचा. लांबचा पल्ला एकट्याने गाठला, की माणसाची परीक्षा झाली असे समजत. आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्याने उडणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले होते. १९३० मध्ये ते अस्पी इंजिनियर या तरुणाने पटकावले. वाटेत इजिप्तमध्ये त्याचे विमान स्पार्क प्लगावाचून अडले, तेव्हा उलट दिशेने निघालेल्या टाटांनीच त्याला प्लग दिले. टाटा शर्यत हरले, अस्पी पुढे हवाई दलात गेला आणि १९६० साली हवाई दलप्रमुख झाला.

पण टपाल नेण्याचा धंदा सुरू करायचा, तर हौस पुरत नाही. टाटांना साथ मिळाली नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. हा गडी ब्रिटिश हवाई दलात उडालेला. नंतर गावोगाव विमान उतरवून लोकांना पैसे घेऊन आभाळात फिरवून आणणारा. कुठल्याही माळावर उतरायचे, वाऱ्याचा अंदाज आपला आपण घ्यायचा, बिघाड झाला तर हात काळे करायचे, ही त्याची शाळा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल मुंबईला आणले, आणि तिथून बल्लारीमार्गे मद्रासला नेले ते व्हिन्सेंटने. जुहूची धावपट्टी म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल. म्हणून पावसाचे चार महिने मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा दिवसांत माळावर उतरण्याचे तास सोन्याच्या मोलाचे होते.

मग महायुद्ध आले आणि तराजूच बदलला. लढाई संपल्यावर अमेरिकन सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. दोन इंजिने, वीस-पंचवीस उतारू, कशीही वापरा. १९४६-४७ च्या सुमारास देशात विमान कंपन्या पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवल्या. त्यांना माणसे हवी होती ती डाकोटा हाकणारी. क्लबातल्या एका इंजिनाच्या विमानात हजार तास घिरट्या घातलेला मागे पडला आणि युद्धात दोन इंजिनांवर घासलेला पुढे गेला. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य पोहोचवायचे झाले, तेव्हा या नागरी कंपन्यांची डाकोटा आणि त्यांचे वैमानिकही कामी आले.

यानंतरची गोष्ट आपल्या नागपूरची. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास या चारही शहरांहून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला येऊन मिळत. टपालाच्या पिशव्यांची, उतारूंची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत जो तो आपल्या शहराकडे परत. मनमाडला चार गाड्या मिळाव्यात तसेच म्हणा ना. फक्त इथे रूळ नव्हते. खाली काळोख, मुंबईहून येणाऱ्याला सह्याद्री ओलांडायचा, समोर नुसत्या घड्याळासारख्या तबकड्या आणि कानात बिनतारी यंत्राची खरखर. डोळ्यांपेक्षा तबकडीवर विश्वास ठेवायची सवय दिवसा उडून लागत नाही. शरीर सांगते विमान डावीकडे कलले, तबकडी सांगते सरळ आहे. आणि बहुधा तबकडीचेच खरे असते. म्हणून वहीत रात्रीच्या तासांचा आणि यंत्रांवर उडालेल्या तासांचा हिशेब वेगळा ठेवतात.

कंपन्या फार झाल्या आणि उतारू थोडे, हे १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या चौकशी समितीने दाखवून दिले. १९५३ च्या ऑगस्टात आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. म्हणजे जिथे आठ दारे ठोठवायची, तिथे एकच उरले. नोकरी मागणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

प्रेम माथुर या बाईंनी १९४७ साली अलाहाबादला शिकून व्यावसायिक परवाना मिळवला. आठ कंपन्यांनी त्यांना नाकारले, असे सांगतात. बाई विमान चालवते म्हटल्यावर उतारू घाबरतील, हे कारण. हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले, पण सहवैमानिक म्हणून. डाव्या खुर्चीवर, जिथे विमानाचा प्रमुख बसतो, तिथे काही बसू दिले नाही. आणि वहीत प्रमुख म्हणून केलेल्या तासांचा रकाना वेगळाच असतो. खुर्ची दिली नाही तर रकाना भरणार कसा, आणि रकाना भरला नाही तर खुर्ची कोण देणार? यात तासांचा दोष नव्हता हो. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनीच कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेले, तेव्हा डाव्या खुर्चीवर मराठी बाई होती आणि उतारू सुखरूप पोहोचले.

आता आमच्या बागायतदाराचे. आजच्या नियमाने व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात. त्यात शंभर तास स्वतः प्रमुख म्हणून, वीस तास प्रमुख म्हणूनच परगावच्या पल्ल्याचे, दहा यंत्रांवरचे आणि पाच रात्रीचे. प्रवासी विमानाचा कप्तान व्हायचे तर वरचा परवाना, त्याला दीड हजार तास. मधली तेराशे तासांची दरी ज्याची त्याने पार करायची. कंपनीने सहवैमानिक म्हणून घेतले तर ती पगारावर पार होते. नाही घेतले, तर कोणी उड्डाणशाळेत शिक्षक होतो, कोणी भाड्याच्या छोट्या विमानावर लागतो. शिवाय एअरबस किंवा बोइंग, जे विमान कंपनीकडे असेल त्याचे प्रशिक्षण वेगळे; ते पुष्कळसे सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या विमानात होते आणि त्याचा खर्च पुष्कळदा उमेदवाराच्याच माथी येतो. हवाई दलातून आलेल्यातही फरक आहेच. मालवाहू विमान हाकणारा दोघातिघांच्या मेळाने काम करायला सरावलेला असतो. लढाऊ विमानात एकटा बसणाऱ्याला ते नव्याने शिकावे लागते. हेलिकॉप्टरवाल्याचे तर यंत्रच निराळे.

मी त्याला म्हटले, पोराला वही घेऊन पाठव. पोरगा आला. आम्ही तिघे ओसरीवर बसलो आणि एकेक रकाना वाचला. रात्रीचे पाच तास, अगदी नियमापुरते. दोन इंजिनांचे थोडेच. प्रमुख म्हणून शंभरावर चार. बाप बोटाने ओळी मोजत होता. पोरगा म्हणाला, "मी शिक्षकाचा परवाना काढतो. शिकवता शिकवता तास वाढतील."

बापाने विचारले, "म्हंजे पुन्हा पैसं?"

"हो."

तो उठला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "यंदा द्राक्षाला काय दर निघतोय, बघू."