ख्रिस्तपुराणांतील ‘वैकुंठ’

फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकांत राचोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. कॅथॉलिक मताप्रमाणें मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे, पुनर्जन्म नाहीं, आणि देह पडतांच जीवाचा न्याय होतो. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४७ सालीं इच्छास्वातंत्र्याचा निर्णय दिला. प्राक्तन मानणाऱ्या समाजास हें सांगतांना स्टीफन्सनें स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलें. शब्द आपलाच, परंतु तेथील प्रवेशाचा निकाल एकाच जन्मांत लागतो, हा अर्थ नवा. लंडन येथील देवनागरी प्रतींत पोर्तुगीज शब्दांऐवजीं संस्कृत शब्द आढळतात. ते ताडून पाहण्यास १६१६ च्या आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाहीं. सबब अशी पोथी ज्यांच्या हातीं येईल त्यांनीं पाठ शुद्ध न करितां जसाचा तसा उतरावा. शब्द पालटल्यास सिद्धांतहि पालटतो.