तळटीप : एप्रिलमधली क्रमवारी
* अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलमध्ये होतकरू खेळाडूंची क्रमवारी हंगाम सुरू होताच पुन्हा मांडली जाते. पहिल्या महिन्यात फलंदाजाला जेमतेम शंभरेक संधी मिळतात. तेवढ्यावरून त्याच्या सरासरीबद्दल बोलणे धाडसाचेच. स्ट्राइकआउटचे प्रमाण मात्र लवकर स्थिरावते, म्हणून जाणकार आधी ते पाहतात. मग वय. डबल-ए या वरून दुसऱ्या पायरीवर १९ वर्षांच्या पोराचा बेताचा खेळ २५ वर्षांच्या गड्याच्या धडाक्यापेक्षा मोलाचा ठरतो. मैदानही बघावे लागते : आल्बुकर्की समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून उंच, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथले होमरन (लेखकाने ते सरसकट मोजले आहेत) थोडे कापूनच धरावेत. – संपा.